२१४७४८३६४७ : लीलावतीतल्या उत्तरात एक कवडी मिळवली की...

खडूधारी

भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथात श्रेढीव्यवहारात (म्हणजे श्रेढींच्या प्रकरणात) एक उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी याचकाला दोन कवड्या दिल्या आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट द्यायचं कबूल केलं, तर महिन्याभरात त्याने किती निष्क दिले? उत्तर : १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. म्हणजे एका निष्काला २०४८० कवड्या. सगळ्याच्या कवड्या करून टाकल्या की २१४७४८३६४६.

आता त्यात एक कवडी मिळवा. २१४७४८३६४७, दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ही मूळ संख्या आहे. २^३१ − १, म्हणजे दोनाचा ३१ वा घात वजा एक. ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये ती मूळ असल्याचं दाखवलं आणि पुढची ऐंशीहून जास्त वर्षं यापेक्षा मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती.

भास्कराचार्यांनी मूळ-बीळ काही विचारलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तेवढे प्रतिसाद वाचतील. त्यांना हिशेबात रस होता, आणि हिशेबाची त्यांची रीत मला उत्तराहून जास्त आवडते. तीस वेळा दुप्पट करत बसायचं नाही. ३० सम आहे, अर्धे करा, १५, आणि शेजारी 'वर्ग' लिहा. १५ विषम, एक काढा, १४, 'गुण' लिहा. मग ७ वर्ग, ६ गुण, ३ वर्ग, २ गुण, १ वर्ग, ० गुण. आता यादी खालून वर वाचायची : २, वर्ग ४, गुण ८, वर्ग ६४, गुण १२८, वर्ग १६३८४, गुण ३२७६८, वर्ग १०७३७४१८२४. आठ पायऱ्यांत २^३० हातात. त्यातून एक वजा, पहिल्या पदाने म्हणजे दोनाने गुणा, आटोपलं. (मध्ये गुणकातून एक वजा करून भागायचंही असतं, पण दोनातून एक गेल्यावर एकाने काय भागणार.)

युरोपात या संख्येचा इतिहास जरा गमतीचा आहे. काताल्दी नावाच्या इटालियन गणितज्ञाने २^१७ − १ आणि २^१९ − १ मूळ असल्याचं पद्धतशीर भागाकार करून दाखवलं. तिथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण १६०३ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने घातांक २३, २९, ३१ आणि ३७ घेतले तरी मूळ संख्याच मिळते असं ठोकून दिलं. फर्माने २३ आणि ३७ चे दावे पाडले : २^२३ − १ ला ४७ ने भाग जातो, २^३७ − १ ला २२३ ने. ऑयलरने २९ चा पाडला, तिथे २३३ ने जातो. चारांतला एकच टिकला, तो आपला ३१.

आणखी काय काय माहीत आहे या संख्येबद्दल, लिहा. संगणकवाल्यांना नम्र विनंती, की '३२ बिट' एवढंच लिहून पळू नका.

वाचकमात्र

वाखूसा (वाचनखूण साठवली). लीलावती म्हणजे 'हे बाले, सांग बरे' आणि कमळावरचे भुंगे, एवढीच आमची पोच होती.

भालदार

म्हणजे ११५० साली आपल्याकडे मर्सेनची मूळ संख्या (दोनाचा घात वजा एक अशी) एका कवडीच्या अंतरावर होती आणि नाव मात्र फ्रेंच साधूचं. नेहमीचंच.

खडूधारी

@भालदार, वाटच बघत होतो. अहो, कोणीही दोनापासून दुप्पट करत तीस पदांची बेरीज केली तर हेच येणार. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला असता तर २^२९ − २ आलं असतं आणि त्यात एक मिळवून २३३ ने भाग जाणारी संख्या मिळाली असती. महिना तीस दिवसांचा म्हणून जमून आलं, हा निव्वळ योगायोग आहे. 'हिला कशानेच भाग जात नाही का' हा प्रश्न ज्याने विचारला, श्रेय त्याचं. भास्कराचार्यांचं जे खरं श्रेय आहे, वर्ग-गुणाच्या रितीचं सुरेख सूत्र, ते कोणी काढून घेतलेलं नाही. ती रीत याच धाग्यात पुढे लागेल बघा.

(मर्सेन साधू होता हे बरोबर. १६४४ च्या त्याच्या यादीत ३१ आहे. पण त्याच यादीत ६७ आणि २५७ हे दोन चुकीचे घातांकही आहेत, आणि ६१, ८९, १०७ राहून गेलेत.)

मीरा_एफवाय

सर, एक शंका. २१४७४८३६४७ चं वर्गमूळ ४६३४० आणि थोडं. त्याच्या आत मूळ संख्या जवळजवळ ४८०० आहेत. ऑयलरने एवढे भागाकार हाताने केले? आणि १७७२ मध्ये तर त्याला जवळपास दिसतही नव्हतं ना?

खडूधारी

दिसत नव्हतंच. सेंट पीटर्सबर्गमध्ये होता, मदतनिसांना सांगून लिहवून घ्यायचा. पण ४८०० भागाकार कोणीच केले नाहीत. बर्नुली या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितलंय की या संख्येचा मूळ अवयव असलाच तर तो २४८क + १ किंवा २४८क + ६३ (क म्हणजे कुठलीही पूर्ण संख्या) याच साच्यातला असणार. बाकीच्यांकडे बघायचंसुद्धा कारण नाही.

हे कुठून आलं ते सांगतो. ज्यांना नको असेल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारावी.

समजा प या मूळ संख्येने २^३१ − १ ला नि:शेष भाग गेला. म्हणजे २^३१ ला प ने भागल्यावर बाकी १. आता २, ४, ८, १६ असे दोनाचे घात प ने भागत गेलं तर बाकी १ पहिल्यांदा कधी येईल? जिथे येईल तो घातांक ३१ चा विभाजक असायला हवा. ३१ स्वतः मूळ, त्यामुळे १ किंवा ३१. एक शक्य नाही (२ ला भागून बाकी १ कशी येईल?), म्हणून ३१. फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की २^(प − १) ची बाकीही १ असते. तेव्हा प − १ हा ३१ च्या पटीत हवा. शिवाय प विषम, म्हणून ६२ च्या पटीत. पहिली चाळणी : प = ६२क + १.

दुसरी चाळणी याहून देखणी आहे. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग. म्हणजे प च्या जगात २ हा कशाचा तरी वर्ग आहे. आणि हे तेव्हाच होतं, जेव्हा प ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की ८ × ३१ = २४८ चा साचा मिळतो : २४८क + १ किंवा २४८क + ६३.

४६३४० च्या आत असे मोजून ३७२ उमेदवार निघतात (६३ हा स्वतःच संयुक्त, तो सोडून). त्यातले संयुक्त गाळले की ऐंशीच्या आसपास भागाकार. चार-पाच दिवसांचं काम, मदतनीस चांगला असेल तर.

मीरा_एफवाय

कळलं! दुसरी चाळणी वर्गात वर्गशेष म्हणून शिकवली होती, पण तिचा उपयोग काय ते सांगितलं नव्हतं.

गोंधळे_मास्तर

वर्गात उपयोग सांगितला तर पोर्शन कसा संपायचा.

बरं, पहिला उमेदवार मी घेतो. यादी : २४९ (३ ने जातो), ३११. हा मूळ आहे. आता २१४७४८३६४७ ला ३११ ने सरळ भागायचं नाही, ते शाळकरी काम. धागाकर्त्यांचा वर्ग-गुण काढा. २^८ = २५६, म्हणजे ३११ ला ५५ कमी, बाकी −५५ धरा. वर्ग ३०२५, त्यातून ३११ च्या नऊ पटी गेल्या, २२६, म्हणजे −८५. ही २^१६ ची बाकी. २^२४ साठी −८५ गुणिले −५५ = ४६७५. पंधरा पटी ४६६५, उरले १०. सुंदर! मग २^३१ = २^२४ × २^७, म्हणून १० × १२८ = १२८०, चार पटी १२४४, बाकी ३६. एक वजा, ३५. शून्य नाही. ३११ बाद.

पुढचा ४९७ = ७ × ७१, संयुक्त. ५५९ = १३ × ४३, संयुक्त. ७४५ पाचाने जातो. ८०७ तिनाने. ९९३ पण तिनाने. १०५५ पाचाने. १२४१ = १७ × ७३. मग येतो १३०३, तो मूळ आहे. तो आणि त्याच्या पुढचा १४८९ मीरासाठी गृहपाठ.

डीबगिणी

'३२ बिट' लिहून पळणार नाही. पण ते आधी उरकते, कारण त्यात गणित फारसं नाहीच.

३२ बिटांत चिन्हासकट साठवता येणारा सगळ्यात मोठा पूर्णांक हा. ३१ जागांवर सगळे १, आणि एक जागा चिन्हाला. म्हणून १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतील आणि पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१ दाखवतील. २०१४ मध्ये एका कोरियन गाण्याचे व्ह्यूज या आकड्याच्या पुढे जाणार म्हणून यूट्यूबला मोजणी ६४ बिटांची करावी लागली. आणि २०१५ मध्ये बोइंग ७८७ बद्दल अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने आदेश काढला : जनरेटरचा कंट्रोलर २४८ दिवस सलग चालू राहिला तर आतला मोजणारा आकडा भरून वाहतो आणि वीज बंद पडू शकते, म्हणून अधूनमधून बंद करा. सेकंदाचा शंभरावा भाग धरला तर २^३१ भाग म्हणजे दोनशे साडेअठ्ठेचाळीस दिवस. ऑयलरचे २४८ आणि बोइंगचे २४८ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण बघून हसू आलं.

या सगळ्यात संख्या मूळ असण्याला काहीही अर्थ नाही. ३१ ऐवजी २९ बिट असते तरी घड्याळ भरलंच असतं, फक्त लवकर. लोक नेहमी इथेच गफलत करतात, 'मूळ आहे म्हणून संगणकात वापरतात' वगैरे.

मूळ असणं जिथे खरोखर लागतं ती जागा वेगळी, ती म्हणजे यादृच्छिक संख्या. एक आकडा घ्या, त्याला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी ठेवा. ती बाकी पुन्हा १६८०७ ने गुणा. १ पासून निघालं तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३... बघणाऱ्याला काही लय सापडत नाही. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी ही रीत किमान दर्जा म्हणून सुचवली, आणि तुमचा प्रोग्राम बरोबर आहे का हे तपासायला एक खूणही दिली : १ पासून दहा हजार वेळा केल्यावर १०४३६१८०६५ यायला हवं. सी प्लस प्लसच्या ठरीव लायब्ररीत ती आजही आहे. (महत्त्वाच्या कामाला वापरू नका, पासवर्डला तर अजिबात नाही.)

आता खरी गंमत. हे चक्र किती पावलांनी पुन्हा १ वर येतं? शून्य सोडून शक्य असलेली प्रत्येक बाकी एकेकदा घेऊन. म्हणजे २१४७४८३६४६ पावलांनी. खडूधारी, ही तुमच्या दात्याच्या कवड्यांची संख्या आहे.

खडूधारी

हे मला नवीन आहे. दंडवत.

पण १६८०७ च का? दोनाने गुणत गेलं तर?

डीबगिणी

दोनाने गुणलं तर १, २, ४, ८... करत ३१ पावलांत घरी परत. २^३१ ची बाकी १ च की, तुम्हीच वर लिहिलंय. सगळी चक्कर मारून आणणारा सगळ्यात लहान गुणक ७ आहे. पण ७ लहान पडतो, छोट्या आकड्यामागून लगेच छोटाच आकडा येतो, म्हणून ७ चा पाचवा घात घेतला : १६८०७.

पाचवाच का, याचं उत्तर कवड्यांत आहे. २१४७४८३६४६ चे अवयव पाडा : २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. यात ५ नाही. म्हणून ७^५ नेही पूर्ण चक्कर होते. ७^३ = ३४३ घेतला असता तर ३ हा अवयव असल्यामुळे चक्कर एकतृतीयांशावर तुटली असती, ७१५८२७८८२ पावलांतच परत. ७^२ ने निम्म्यावर.

आणि इथे भागणारी संख्या मूळ नसती तर शून्य सोडून सगळ्या बाक्यांना एकदा तरी भेट देणं कुठल्याच गुणकाला जमलं नसतं. मूळ असण्याचा उपयोग तो हा.

कवडीचुंबक

माझं नाव सार्थकी लागलं.

एक भर घालतो. हीच संख्या २^३० ने गुणली की २३०५८४३००८१३९९५२१२८ येते, ती परिपूर्ण संख्या. म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज तेवढीच, ६ = १ + २ + ३ तशी. बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये लिहिलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही, कारण असल्या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग शून्य, कोण कशाला शोधत बसेल! १८७६ मध्ये ल्युकाने २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं आणि बार्लोसाहेबांचं भाकीत निकालात निघालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली मर्सेन संख्या २^१३६२७९८४१ − १ आहे, ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी. उपयोग अजूनही विचारू नये.

भालदार

अवांतर : चाळीसगावजवळ पाटणला जो शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा उल्लेख आहे. पाटणादेवीला जाणारे बहुतेक जण शिलालेख न बघताच परत येतात. हे तरी मान्य आहे ना?

खडूधारी

शंभर टक्के मान्य. असे प्रतिसाद द्या की, कोण नको म्हणतंय.

वाचकमात्र

अडाणी प्रश्न. ३ मूळ, २^३ − १ = ७ मूळ, २^७ − १ = १२७ मूळ, आणि २^१२७ − १ पण मूळ असं वर आलंय. इकडे ५ मूळ, ३१ मूळ, २^३१ − १ मूळ. मग २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा एक, तो पण मूळ असेल ना?

खडूधारी

प्रश्न अजिबात अडाणी नाही. पण उत्तर नाही असं आहे. ती संख्या लिहायचीच झाली तर ६४ कोटी ६४ लाख ५६ हजार ९९३ अंक होतील, आणि तिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. हा भाजक नुसताच सापडलेला नाही, तो ऑयलरच्या पहिल्या चाळणीतलाच आहे : २ × ६८७४५ × २१४७४८३६४७ + १. गुणून बघा. मीराला समजावली तीच कारणमीमांसा, फक्त ३१ च्या जागी ३१ जागांवर १ असलेला घातांक.

दुसरी शाखा, २, ३, ७, १२७, २^१२७ − १, याच्या पुढची पायरी मूळ आहे की नाही हे आजतागायत कोणालाच ठाऊक नाही. तिथे लिहिणं-मोजणं सोडाच, ल्युकाची मूळपणा तपासायची कसोटी लावायलाही संगणक पुरत नाही. छोटा भाजक नशिबाने सापडला तरच.

डीबगिणी

पायथन या संगणकभाषेत एका ओळीत तपासलं. २ चा २१४७४८३६४७ वा घात, भागिले २९५२५७५२६६२६०३१, बाकी १. एन्टर दाबेपर्यंत उत्तर. आत वर्ग-गुणच चालतो. घातांकातले सगळे बिट १ असल्यामुळे प्रत्येक वेळी अर्धं केलं की पुन्हा विषमच येतं. लीलावतीच्या रितीने मांडलं तर ३१ गुण आणि ३० वर्ग. वहीच्या दोन पानांत बसेल.

गोंधळे_मास्तर

पंधरा अंकी संख्यांचे वर्ग वहीच्या दोन पानांत? तुमची वही मला पाठवा.

मीरा_एफवाय

गृहपाठ :

१३०३ साठी : २^१० = १०२४, बाकी −२७९. वर्ग ७७८४१, बाकी ९६४ म्हणजे −३३९. −३३९ × −२७९ = ९४५८१, बाकी ७६५. ही २^३० ची. दुप्पट १५३०, बाकी २२७. एक वजा २२६. बाद.

१४८९ साठी : −४६५, वर्ग २१६२२५, बाकी ३२०. ३२० × −४६५ = −१४८८००, बाकी बरोबर १००! दुप्पट २००, एक वजा १९९. बाद.

मग पुढे बघत गेले. १५५१ अकराने जातो, १७३७ तिनाने, १७९९ साताने, १९८५ पाचाने. त्यानंतर यादीत २०४७ आला. हा २^११ − १ ना? म्हणजे मर्सेनचीच संख्या, पण २३ × ८९, म्हणून संयुक्त. तो बघायची गरज नाही असं धरून सोडला. बरोबर आहे का?

खडूधारी

बरोबर. २३ आणि ८९ यांतला एकही २४८ च्या साच्यात बसत नाही, म्हणजे ते दोघंही आधीच बाद झालेले आहेत. २२३३ बघू नकोस, साताने जातो. तिथून पुढे घे.